कवेलू कोनं लावले वापस?

आमच्या गावात मला सगळे सिस्टरबाई म्हणतात आणि त्यामुळे नव्या माणसाची फसगत ठरलेली. त्याला वाटतं, ही मठातली. मी मठातली नाही. उपकेंद्रावरची नर्स होते, लग्न केलं नाही आणि कॅथॉलिक आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की उरलेलं लोक आपल्या मनाने जुळवून घेतात. मूळची मी नगरकडची. नोकरीने सानगडीच्या बाजूला आणून टाकलं, आणि निवृत्त झाल्यावर परत जावं असं तिकडे कोणी उरलं नव्हतं. म्हणून इथेच, तलावाच्या पाळीजवळ, दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे नगरकडे म्हणतात तसं कौलारू, घर घेतलं. महिन्यातून एका रविवारी दुपारी फादर भंडाऱ्याहून मोटरसायकलवर येतात आणि माझ्या घरापुढच्या छपरीत मिस्सा होते. आम्ही सात-आठ जण असतो, साकोलीकडून कोणी आलं तर दहा. आमचं चर्च म्हणाल तर तेवढंच.

इथे माकडांचा सुळसुळाट आहे. वर्षभर ती छपरांवर उड्या मारून कवेलू फोडतात, सरकवतात, म्हणून दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, कवेलू फेरावे लागतात. एकेक कवेलू काढायचा, झाडायचा, फुटका असेल तर टाकून द्यायचा आणि धड असेल तो पुन्हा नीट बसवायचा. गावात स्लॅबची घरं झाली तसे हे काम करणारेही कमी झाले. माझ्या घरी जे यायचे त्यांना मी भाऊ म्हणायची. तलावाखाली त्यांची धानाची बांधी होती, आणि उन्हाळ्यात शेत रिकामं असताना ते चार घरांचे कवेलू फेरत. देवाचं सगळं करणारा माणूस, पण जीभ तिखट. माझ्या घरातल्या क्रूसालाही ते येता-जाता हात जोडत आणि लगेच विचारत, याले रोज असाच टांगून ठेवता का, उतरवत नाही कधी?

एकदा मिस्सेच्या दिवशीच त्यांचं काम अर्धं राहिलं होतं. मी म्हटलं, भाऊ, तासभर थांबा, खटखट नको. ते खाली उतरले नाहीत, वरच आढ्यापाशी विडी ओढत बसून राहिले. फादर दक्षिणेकडचे, वयाने माझ्या भाच्याएवढे, पुस्तकातून शिकलेलं नेटकं मराठी बोलणारे. त्या दिवशीचं शुभवर्तमान पक्षाघाती माणसाचं होतं. येशू एका घरात शिकवत होता, दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती, म्हणून चौघांनी त्या माणसाला छपरावर नेलं, छप्पर उघडलं आणि बाजेसकट खाली सोडलं. फादरांनी रंगवून सांगितलं. येशूचं कार्य कसं उघड्यावर होतं, मंदिरात बसून नव्हे, तर गावोगाव, रस्त्यावर, किनाऱ्यावर, लोकांच्या घरात, आणि आपणही आज तसंच लोकांमध्ये गेलं पाहिजे. सगळे माना डोलवत होते. एवढ्यात वरून आवाज आला.

"फादर, तो मानूस चालत गेला, चांगलीच गोष्ट झाली. पन मंग ते कवेलू कोनं लावले वापस?"

सगळी छपरी हसली. फादरही हसले, मग गडबडले, पुस्तकात पाहिलं, आणि हे लिहिलेलं नाही म्हणाले. भाऊ वरूनच म्हणाले की लिहिणाऱ्याचं घर नसेल ते. पुढे हा किस्सा त्यांनी गावभर केला. बाजारात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, तो इतका पाठ झाला होता की त्या कामात असतानाही शेवटचं वाक्य त्यांच्याबरोबर म्हणायच्या.

आता जे सांगायचं ते सरळ सांगते, कारण आडवळणाने सांगून ते हलकं होत नाही. माझ्या आतल्या खोलीत एका कोपऱ्यात क्रूस, मरियामातेची मूर्ती आणि मेणबत्त्या असतात. त्या कोपऱ्यावरची बल्ली, म्हणजे कवेलूंचा भार पेलणारं लाकूड, वाळवीने पोखरलेली होती. मला दिवाळीपासून माहीत होतं. झाडू लावताना वरून भुसा पडायचा, काठीने ठोकलं की पोकळ वाजायची. बदलायची, बदलायची म्हणत मी उन्हाळा आणला. मागच्या वर्षीच्या त्या उन्हाळ्यात भाऊ आले, दिवसभर काम केलं, संध्याकाळ व्हायच्या आत उतरले आणि हातपाय धुऊन चहाला बसले. देवाच्या कोपऱ्यावरचं राहिलं होतं. ते म्हणाले उद्या करतो. आभाळ आलेलं होतं. मी म्हटलं, भाऊ, मूर्ती भिजेल हो, तेवढं आजच करून टाका. ते कुरकुरत चढले. मी खाली कपबशा विसळत होते. बल्लीचं मला आठवलं का? आठवलं. ओरडून सांगावं असं वाटलं का? वाटलं. मग वाटलं, इतकी वर्षं चढणारा माणूस, त्याला काय मी शिकवायचं! हे वाटून पुरतं झालं नसेल तोच आवाज झाला.

ते माझ्याच खोलीत पडले होते, उताणे, फुटक्या कवेलूंमध्ये, मरियामातेच्या समोर. वर आभाळ दिसत होतं. रक्त फारसं नव्हतं. लोकांना तेवढ्याने हायसं वाटलं, मला नाही. भाऊंनी मला विचारलं, "सिस्टरबाई, माहे पाय कुठी गेले?" मी त्यांच्या पायाचा अंगठा जोरात दाबला, नखात नख रोवलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी कधी दाबते याची वाट बघत.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं. फळीवर सरळ झोपवून अँब्युलन्समध्ये घातलं, भंडारा, तिथून नागपूर, ऑपरेशन. डॉक्टरांनी जमेल ते केलं आणि जमणार नाही तेही स्पष्ट सांगितलं. कमरेखाली काही परत येणार नव्हतं. भाऊ घरी आले ते बाजेवर. गावातली एक बाई म्हणाली, देव तारी त्याला कोण मारी, जीव वाचला हेच खूप. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्या महिन्यात फादर आले तेव्हा मी त्यांच्यापाशी पापनिवेदन केलं. बल्लीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पापमुक्ती दिली आणि प्रायश्चित्त म्हणून एक रोजरी, म्हणजे जपमाळ, करायला सांगितली. मी पाच केल्या. रोजरी जपताना येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा असतो, त्याला रहस्य म्हणतात. लहानपणी आईने शिकवलेल्या रोजरीत एक गंमत होती. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो आणि पुढच्या रहस्यात एकदम बागेत रक्ताचा घाम गाळतो. मधली वर्षं गायब. तो हिंडला, जेवला, लोकांना शिवला, आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला, ते काहीच नाही. पुढे प्रकाशाची रहस्यं आली आणि ती भर पडली. पण मला आईचीच रोजरी बरी वाटत आली आहे. जन्म आणि मरण देवाकडे सोपवता येतं. मधली वर्षंच अडचणीची असतात, कारण त्यांत शेजारी असतात.

क्षमा मिळाली, पण ती देवाकडून. बाजेवरच्या माणसाला तर पत्ताच नव्हता की माझ्याकडे क्षमा करण्यासारखं काही आहे.

मी रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागले. एका जागी पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. वहिनींना शिकवलं, पाठ धुऊन पावडर कशी लावायची, चादरीला सुरकुती कशी ठेवायची नाही. सकाळची पाळी मी माझ्याकडे ठेवली. गाव म्हणायला लागलं, सिस्टरबाईचं किती मोठं मन. चोराच्या मनात चांदणं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, कोणीतरी टोमणा मारतंय. भाऊंची जीभ मात्र पडून पडूनही बोथट झाली नाही. एकदा मी त्यांना भिंतीकडे वळवत होते तेव्हा म्हणाले, "आता तुमी मले फेरून राहिल्या. पन फुटका कवेलू फेरत नसतेत, सिस्टरबाई, फेकून देत असतेत." मी काहीतरी रागावून बोलले. नर्सला रागावता येतं, ही तिची मोठी सोय असते.

आता माझी एक खोड सांगते. मी प्रत्येक गोष्टीला ‘बरं’ म्हणते. कोणी काही सांगू लागलं की, बरं. फोनवर, बरं बरं. नोकरीत हजारो बायकांची गाऱ्हाणी ऐकताना ती लागली. ऐकतेय, पुढे बोला, एवढाच तिचा अर्थ. यंदा, मिस्सेच्या आदल्या दिवशी, मी ओट्यावर तांदूळ निवडत होते आणि वहिनी आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या की उद्या फादर येऊन राहिले ना, तर मी यायले घेऊन येतो. त्या गोष्टीतल्यावानी. तुमचा देव बरं करते म्हणे, मंग उद्या बरं व्हाले पायजे.

मी सूप पाखडत म्हटलं, "बरं."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. तांदूळ सांडले. मला वाटलं, किती हळवी झाली ही. त्या गेल्यावर मी सांडलेले दाणे वेचत बसले आणि वेचता वेचता माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं या हातांनी त्यांच्या घरातली बाळंतपणं केली. माझा शब्द त्या घरात कधी तपासून घेत नाहीत. मी ‘बरं’ म्हटलं होतं, आणि त्या ‘बरं करू’ असं ऐकून गेल्या होत्या. मागे धावायला हवं होतं. वहिनी तलावाच्या पाळीवरून भराभर चालल्या होत्या, इतक्या दिवसांत तशा चाललेल्या मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी धावले नाही. पुन्हा एकदा, माहीत असून, मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्सा सुरू व्हायच्या आधीच बाज आली. चार जण होते, भाऊंच्या बांधीशेजारचे शेतकरी, चौघेही आंघोळ करून, टिळा लावून, स्वच्छ कपडे घालून आलेले. वहिनी पुढे. भाऊंची दाढी केलेली, अंगात लग्नातला सदरा. पण माकडांच्या त्रासाने मी छपरीला लोखंडी जाळी लावून घेतली होती आणि तिचं दार एका माणसापुरतं होतं. बाज शिरेना. आडवी केली, तिरकी केली, भाऊ घसरायला लागले. शेवटी त्यांनी बाज दाराबाहेर ठेवली आणि चौघांतल्या एकाने, मला वाटतं अगदी मनापासून, वर छपराकडे पाहिलं. त्याच्याबरोबर बाकीच्यांनीही पाहिलं.

"वरून नोका टाकू गा," भाऊ म्हणाले, "तिथून येकडाव पडून झालो मी."

कोणी हसलं नाही. फादरांना मी घाईघाईने दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते बाहेर आले, बाजेजवळ मातीतच गुडघे टेकून बसले आणि भाऊंच्या डोक्यावर हात ठेवला. प्रार्थना मराठीत सुरू केली, मध्येच त्यांच्या भाषेत गेले आणि मग ओठच हलत राहिले. आम्ही सगळे उभे. वहिनींनी भाऊंच्या पायांवरची चादर बाजूला केली, म्हणजे दिसावं. त्या अंगठ्यांकडे बघत होत्या. चौघे अंगठ्यांकडे बघत होते. आमचे सात-आठ कॅथॉलिक, जे दर मिस्सेला देव सर्वसमर्थ आहे असं एका सुरात म्हणतात, तेही बघत होते. आणि मी? त्या मणक्याचे फोटो मी उजेडाला धरून पाहिलेले, तिथे काय तुटलंय हे मला डोळे मिटून काढून दाखवता येईल. मीही अंगठ्यांकडे बघत होते. मनात म्हणत होते, एकदाच, एवढंसं हलू दे, माझ्यासाठी. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. याची मला अजून लाज वाटते.

एक माशी आली आणि डाव्या पायावर बसली. बराच वेळ बसली. भाऊ फादरांकडे बघत होते, त्यांना माशीचा पत्ता नव्हता. वहिनींनी ती हाकलली आणि चादर परत ओढून घेतली.

फादर उठले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती. ते भाऊंना म्हणाले, मला ती शक्ती दिलेली नाही, मला माफ करा. भाऊंनी मान हलवली, पाहुण्याला चहा नको म्हणताना हलवतात तशी. चौघांनी बाज उचलली. जाताना वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी बरं म्हनलं होतं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. विचारावं तसं म्हणाल्या.

मिस्सा झाली. काय ऐकलं, काय म्हटलं, आठवत नाही. नंतर फादर एकटे राहिले तेव्हा मी त्यांच्यावरच उखडले. जे आपल्याच्याने होत नाही ते लोकांना वाचून कशाला दाखवायचं? तो गावोगाव गेला, त्याने हात लावला, लोक उठले. आपण गावोगाव जातो, हात लावतो, आणि माशीसुद्धा उठत नाही. मग आपण नेमकं करतो तरी काय? बिचारे हेल्मेट हातात धरून उभे. म्हणाले की मलाही माहीत नाही. मग म्हणाले, त्या गोष्टीतलं शेवटचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, तो उठला आणि बाज घेऊन घरी गेला. पण येशू आधी त्याच्या पायांबद्दल काही बोललाच नव्हता. आधी त्याने पापांची क्षमा केली, लोक त्यावर चिडले, आणि मग त्याने विचारलं की यातलं सोपं काय, क्षमा झाली म्हणणं की ऊठ म्हणणं.

फादरांना माझं पाप माहीत होतं. ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, बोलणारही नाहीत; पापनिवेदनातलं पुन्हा काढायचं नसतं. मोटरसायकल चालू केली आणि गेले.

मी आतल्या खोलीत येऊन बसले. वर भोक तसंच होतं, त्यावर ताडपत्री. वर्षभरात मी कोणालाही छपरावर चढू दिलं नव्हतं. त्या गोष्टीत आजवर मी स्वतःला कधी त्या चौघांत बघायची, कधी गर्दीत. ज्याच्या घराचं छप्पर फुटलं त्या माणसाबद्दल एक शब्द नाही. तो तिथे असणारच, कोपऱ्यात, माती अंगावर झेलत. सगळे धन्य धन्य म्हणत निघून गेले असतील आणि तो वर बघत राहिला असेल. मला वाटायला लागलं की त्या गोष्टीत माझी जागा ती आहे. फरक एवढाच की त्याची बल्ली पोकळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी गेले. वहिनी दारात बसून विळीवर भाजी चिरत होत्या. मी भाऊंना कुशीवर वळवलं आणि ओल्या फडक्याने पाठ पुसू लागले. तोंडाकडे बघून सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पाठीला सांगितलं.

"भाऊ, देवाच्या कोपऱ्यावरची ती बल्ली पोकळ होती. मला दिवाळीपासून माहीत होतं. तुम्हाला मी सांगितलं नाही."

दारातला विळीचा आवाज थांबला. भाऊंची पाठ माझ्या हाताखाली वरखाली होत होती, तेवढीच. मी फडकं पिळलं, पुन्हा पुसलं, पुसलेलंच पुसलं.

"बरं," भाऊ म्हणाले.

माझाच शब्द. तो मी आयुष्यभर लोकांच्या अंगावर टाकत आले, आणि आता कान लावून ऐकत होते की यातला कोणता. ऐकलं म्हणणारा, चालेल म्हणणारा, की पुरे आता म्हणणारा. मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. वहिनी उठून मागच्या अंगणात गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. सकाळी दार मात्र उघडं असतं आणि बादलीत गरम पाणी भरून ठेवलेलं असतं.

थोड्या वेळाने भाऊंनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं की ते भोक बुजवलं का. मी नाही म्हटलं, ताडपत्री टाकली आहे. ते म्हणाले, पानी येत असन. मी म्हटलं, येतं. मूर्ती हलवली का? नाही हलवली. ते मनाशी हिशेब करू लागले, आढ्यापासून किती रांगा, किती फुटले असतील, तसं काहीतरी.

मग म्हणाले, "मंग कवेलू कोन लावन वापस?"

ते गंमत करत नव्हते. कूस बदलायची वेळ झाली होती, म्हणून मी त्यांच्या खांद्याखाली हात घातला.